कालबाह्यतेचे भय

लेखकाला वाटणारी भये पुष्कळ आहेत. सुचेनासे होईल हे एक, प्रकाशक मिळणार नाही हे दुसरे, टीकाकार झोडपून काढतील हे तिसरे. या तिहींविषयी लेखकमंडळी मोकळेपणाने बोलतात, किंबहुना संमेलनाच्या मंडपाबाहेर त्यांचे बोलणे बहुधा याच विषयांभोवती फिरत असते. परंतु आणखी एक भय असे आहे की ज्याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. आपण लिहीत आहोत, पूर्वीइतक्याच निष्ठेने लिहीत आहोत, पण ते आता कोणाला नको आहे. काळ पुढे गेला आणि आपण मागे राहिलो, हे ते भय होय. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘मागे पडत आहे’ असा शेरा लिहावयाचा झाला तर आम्ही दहादा विचार करतो, कारण त्या दोन-तीन शब्दांनी घराघरांत काय होते ते आम्हांस ठाऊक आहे. लेखकाला हा शेरा कोणी लेखी देत नाही. तो स्वतःच तो लिहून घेतो, आणि पुष्कळदा अकारण लिहून घेतो.

या भयाचे स्वरूप नीट समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मराठी वाङ्मयाच्या गेल्या सव्वाशे वर्षांतील काही प्रसिद्ध उदाहरणे पुरेशी आहेत.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे भय अपयशी लेखकाला होत नाही. ज्याला कधी वाचकच लाभला नाही त्याला वाचक गमावण्याची भीती कोठून असणार? एकेकाळी ज्याच्या पुस्तकाची लोक वाट पाहत होते, ज्याच्या शैलीची नक्कल महाविद्यालयांतील मुले करीत होती, त्यालाच पुढे या भयाने घेरले जाते. म्हणजे हा यशाचा पाठलाग करीत येणारा रोग आहे. आणि तो येण्याची कारणे तरी एकसारखी कोठे असतात? कधी विषय संपतो, कधी भाषा बदलते, तर कधी ज्या वाहनात बसून लेखक वाचकाकडे येत असे ते वाहनच बंद पडते.

विषय संपला म्हणजे कृती संपतेच असे मात्र नाही. देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले ते जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नावर. पुढे १९२९ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि समाजाच्या चालीही पालटल्या. या हिशेबाने ते नाटक केव्हाच अडगळीत पडावयास हवे होते. तसे ते पडले नाही. उलट ज्यांत कोणताही तत्कालीन प्रश्न नव्हता, केवळ कल्पनेची भरारी होती, अशी कितीतरी नाटके आज नावानेदेखील कोणास आठवत नाहीत. यावरून ‘समाजाच्या प्रश्नांवर लिहिणारा लवकर जुना होतो’ हा जो समज आहे तो आम्हांस फारसा खरा वाटत नाही.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोधप्रद आहे. कोल्हटकरांचा जन्म १८७१ साली नागपूरचा. वकिलीच्या निमित्ताने त्यांचे आयुष्य अकोला, खामगाव, जळगाव-जामोद अशा ठिकाणी, म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन गजबजाटापासून पुष्कळ दूर गेले. असे असूनही १८९६ साली त्यांचे ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले आणि नाट्यसृष्टीत एक नवेच वारे वाहू लागले. पुराणकथा नाही, संस्कृत नाटकाचा आधार नाही; सर्व कथानक स्वतंत्र व कल्पित. पदांच्या चाली पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या. संवादांत कोट्यांची आतषबाजी. तरुण प्रेक्षकांस हे सर्व अतिशय नवे वाटले, आणि १८८२ साली अवतरलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ त्यापुढे काहीसे जुन्या वळणाचे वाटू लागले असल्यास नवल नाही.

पुढे काय झाले? ‘सौभद्र’चे प्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही होत राहिले. ‘वीरतनय’ ग्रंथालयाच्या कपाटात राहिले. ज्याने दुसऱ्यास जुने ठरविले तोच आधी जुना झाला.

कोल्हटकरांच्या वाट्याला आलेला प्रसंग याहूनही अवघड होता. राम गणेश गडकरी हे त्यांना गुरू मानणारे, त्यांचे शिष्य म्हणवून घेण्यात भूषण मानणारे. गडकरी वयाने गुरूहून चौदा वर्षांनी लहान. १९१९ सालच्या जानेवारीत ते अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी सावनेर येथे वारले, आणि महिनाभरातच बडोद्यास गंधर्व मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. त्या नाटकाने महाराष्ट्र हलवून सोडला. कोल्हटकर त्यानंतर पंधरा वर्षे जगले. या पंधरा वर्षांत त्यांनी नाटके लिहिणे सोडले नाही; पण मराठी प्रेक्षक ज्या नाटकांसाठी रांगा लावीत होता ती नाटके त्यांची नव्हती, त्यांच्या दिवंगत शिष्याची होती. शिष्याकडून पराजय व्हावा अशी इच्छा करावी, हे वचन आम्ही शिक्षकमंडळी समारंभांतून मोठ्या उत्साहाने सांगत असतो. तो पराजय प्रत्यक्ष पाहत पंधरा वर्षे लिहीत राहणे ही गोष्ट वेगळी आहे.

आणि तरीही कोल्हटकर संपले नाहीत. १९०२ सालापासून ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांनी काही विनोदी लेख लिहिले होते. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटाला पुढे करून आपल्या समाजातील भाबड्या रूढींची, लग्नातील मानपानांची, शकुन-अपशकुनांची त्यांनी त्यांत रेवडी उडविली. १९१० साली हे अठरा लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने पुस्तकरूपाने आले. पुढे भर पडून त्यांची संख्या बत्तीस झाली. नाटककार म्हणून मिरवणाऱ्या कोल्हटकरांच्या दृष्टीने हे काम काहीसे बाजूचे होते, असे मानण्यास जागा आहे. पण आज त्यांना मराठी विनोदाचे जनक म्हणतात ते या बाजूच्या कामामुळे. शिवाय त्यांचे महाराष्ट्रगीत शाळाशाळांतून गाइले गेले ते निराळेच.

असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर सोपे आहे आणि आपल्या सर्व विवेचनाची किल्लीही त्यातच आहे. कोल्हटकरांची प्रतिभा कोटीबाज, कल्पक व बुद्धिप्रधान होती. नाटकातील नायिका विरहाने व्याकूळ झाली असताना तिच्या तोंडी श्लेष घातला म्हणजे प्रेक्षक प्रथम टाळी देतो, आणि पुढे काही वर्षांनी तोच प्रेक्षक म्हणतो, ‘बाई दुःखात आहे की कोडे घालते आहे?’ विनोदी निबंधात मात्र तोच श्लेष घरच्यासारखा वावरतो. लेखणी तीच, शाई तीच, माणूस तोच. नाटकात जी गोष्ट कृत्रिम ठरून कालबाह्य झाली तीच निबंधात टिकली. तेव्हा ‘लेखक कालबाह्य झाला’ असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा बहुधा लेखकाची शक्ती आणि त्याने निवडलेले वाहन यांची जोडी मोडलेली असते, इतकाच त्याचा अर्थ असतो. यात बाह्य परिस्थितीचाही भाग असतो. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाच्या मंडळ्या पाहता पाहता डबघाईस आल्या. त्या लाटेत चांगले नाटककारही बुडाले. त्यांच्या लेखणीचा त्यात काय दोष?

या भयाला तोंड देण्याची दुसरी एक तऱ्हा मामा वरेरकरांची. त्यांचे पहिले नाटक ‘कुंजविहारी’ १९०८ सालचे, म्हणजे निव्वळ पौराणिक. १९२२ सालच्या ‘सत्तेचे गुलाम’मध्ये ते राजकारणाच्या वाऱ्यावर स्वार झालेले दिसतात, आणि १९३२ सालच्या ‘सोन्याचा कळस’ या नाटकात गिरणीकामगार रंगभूमीवर येतो. १९६४ साली ते वारले तोपर्यंत ‘पुढे काय येणार’ याकडे त्यांचे कान टवकारलेले होते. वरेरकरांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणून जे उपकार केले ते विसरण्यासारखे नाहीत. परंतु प्रत्येक लाटेबरोबर पोहणाऱ्या माणसाची एक अडचण असते. लाट ओसरली म्हणजे तिच्याबरोबर त्याचे तेवढे आयुष्य ओसरते. त्यांच्या इतक्या नाटकांतून आज एखादेच नाव सामान्य वाचकाच्या ओठांवर येते.

नारायण सीताराम फडके यांनी तिसरी वाट धरली. त्यांनी भयाला दाराशीच उभे केले नाही. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून त्यांनी आपल्या कलेची सूत्रे जाहीर केली, आणि पुढे सत्तरांहून अधिक कादंबऱ्या बहुतांशी त्याच सूत्रांना धरून लिहिल्या. जग बदलले, त्यांच्या टेबलावरील शिस्त बदलली नाही. या हटवादीपणाचे काहीजण हसे करतात. आम्हांस त्यात एक प्रकारचे शौर्य दिसते, मग त्या सत्तरांपैकी कितीही कादंबऱ्या विस्मृतीत जावोत.

येथे एक शंका निघण्यासारखी आहे. लेखक बदलला की तो भयानेच बदलला असे समजावयाचे काय? तसे मुळीच नाही. माधव जूलियन, म्हणजे डॉ. माधवराव पटवर्धन, यांचा जन्म बडोद्याचा. ते फार्शीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, आणि त्यांच्या आरंभीच्या कवितेत फार्शी शब्दांचा अत्तरासारखा दरवळ होता. पुढे ते भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि आपल्याच काही जुन्या रचना त्यांनी परकीय शब्द काढून नव्याने सिद्ध केल्या. आमचे मत विचाराल तर आम्हांस पहिलाच पाठ प्रिय आहे. पण हा बदल लोकांना खूष करण्यासाठी नव्हता हे निःसंशय. ज्या शब्दांनी त्यांना लोकप्रियता दिली तेच शब्द त्यांनी टाकून दिले. मताने बदलणारा काहीतरी गमावून बदलतो, भयाने बदलणारा काही हाती लागेल म्हणून बदलतो. हा फरक वाचकाला बहुधा कळतो.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळू.

विष्णु सखाराम खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले व पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले. गोव्याच्या हद्दीला लागून असलेले ते लहानसे गाव. तेथे अठरा वर्षे राहून, शाळेचे वर्ग, परीक्षा आणि इमारत-निधी सांभाळून या माणसाने लेखन केले. (आमच्या व्यवसायबंधूंपैकी जे ‘वेळच मिळत नाही’ असे म्हणतात त्यांनी याचा विचार करावा, आम्हीही त्यांतलेच आहोत.) १९३० साली ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी आली. त्यानंतर ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘हिरवा चाफा’, ‘दोन मने’ अशी रांग लागली, ती १९४२ सालच्या ‘क्रौंचवध’पर्यंत. बारा वर्षांत जवळजवळ डझनभर कादंबऱ्या, शिवाय कथा, लघुनिबंध, आणि १९३६ सालच्या ‘छाया’पासून मास्टर विनायकांच्या बोलपटांच्या कथा. १९४१ साली सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. लोकप्रियतेचा यापेक्षा वरचा पाट मराठी लेखकाला त्या काळी मिळण्यासारखा नव्हता.

आणि मग कादंबरी थांबली. १९४२ नंतर १९५४ साली ‘अश्रू’ येईपर्यंत बारा वर्षे खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही. दर वर्षाला एक या वेगाने लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हा केवढा मोठा खंड!

या बारा वर्षांत मराठी वाङ्मयात काय घडत होते ते पाहिले पाहिजे. १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या. त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले, आणि नवकाव्याचा बोलबाला झाला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा पुढे आली. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालची. ‘सत्यकथा’ मासिकाकडे तरुणांचे डोळे लागले. या नव्या लेखकांना अलंकार नको होते, सुभाषिते नको होती, ध्येयवादी नायक तर मुळीच नको होता. आणि खांडेकरांची कादंबरी नेमकी याच तीन खांबांवर उभी होती. उपमेवाचून त्यांचे वाक्य पुढे सरकत नसे. महायुद्ध, फाळणी आणि स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास पाहिलेल्या पिढीला त्यांचा देशसेवक नायक पुस्तकी वाटू लागला. टीकाकारांच्या लेखी खांडेकर हे आधीच्या युगाचे लेखक झाले. आणि अजून त्यांची पन्नाशीही पुरती उलटलेली नव्हती.

या काळात खांडेकरांनी काय केले, याचा विचार आमच्या मते पुरेसा झालेला नाही. त्यांनी नवकथा लिहिण्याचा प्रयत्न केला नाही. नव्यांच्या विरुद्ध दंड थोपटून ते उभे राहिले नाहीत. ते रूपककथेकडे वळले. ‘कलिका’ हा त्यांचा रूपककथांचा संग्रह १९४३ सालचा. रूपककथा म्हणजे दीड-दोन पानांची, नीतिकथेच्या जवळची, पण काव्याच्या अंगाने जाणारी गोष्ट. तीत अलंकार हे अवडंबर नसते, तेच शरीर असते. खलील जिब्रानचे लेखन त्यांनी मराठीत आणले, एर्न्स्ट टोलरची तुरुंगातील पत्रे आणली. आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९४२ साली एका तरुण कवीचा ‘विशाखा’ हा संग्रह प्रकाशात आणण्यात त्यांनी पुढाकार घेतला व त्याला प्रस्तावना लिहिली. तो कवी म्हणजे कुसुमाग्रज. ज्याला स्वतःच्या जागेची भीती वाटते तो सहसा दुसऱ्यासाठी पाट मांडीत नाही.

१९५९ साली ‘ययाति’ आली. लेखकाचे वय एकसष्ट.

या कादंबरीचे कथानक महाभारताच्या आदिपर्वातील. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला राजा आपल्या पुत्राचे तारुण्य मागून घेतो, ही मूळ कथा सर्वांस ठाऊक आहे. खांडेकरांनी ती जशीच्या तशी सांगितली नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे आपापल्या तोंडाने आपापली कहाणी सांगतात; आणि मूळ आख्यानात आरंभीच निरोप घेणारा कच येथे शेवटपर्यंत सोबत राहून भोगाच्या समोर संयमाचे निशाण धरतो. आधुनिक माणसाची अमर्याद सुखलालसा हा आपला विषय असल्याचे लेखकाने स्वतः स्पष्ट केले आहे. तेव्हा वार्धक्याला भिणाऱ्या राजात वृद्धत्वाकडे झुकलेला लेखक शोधण्याचा मोह आवरलेलाच बरा. परंतु दुसऱ्यांचे तारुण्य उसने घेऊन कोणाचेच भले होत नाही, ही गोष्ट ज्याने पुढे इतक्या विस्ताराने मांडली, त्याने स्वतः नवकथाकारांचे तारुण्य उसने घेतले नव्हते, एवढे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

‘ययाति’त खांडेकरांची भाषा बदलली आहे काय? वाचकांनी एखादे पान काढून ‘उल्का’शी ताडून पाहावे. उपमा आहेत, सुभाषिते आहेत, दीर्घ चिंतन आहे. बदललेली आहे ती जागा. कोल्हापूर-पुण्याच्या खोलीत बसलेला पदवीधर तरुण ज्या भाषेत बोलला तर वाचक अस्वस्थ होत असे, तीच भाषा हस्तिनापूरच्या राजाच्या तोंडी त्याला शोभते. आपला आवाज न बदलता, ज्या घुमटात तो आवाज घुमेल तो घुमट त्यांनी शोधून काढला. कोल्हटकरांच्या बाबतीत जे नकळत घडले ते खांडेकरांनी, बारा-पंधरा वर्षे वाट पाहून, समजून-उमजून केले.

पुढचा इतिहास प्रसिद्धच आहे. १९६० साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मभूषण, आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार. तो मिळविणारे ते पहिले मराठी लेखक. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली, तरी वाङ्मयाचा व्यवसाय सुटला नाही. १९७६ साली ते वारले. त्यांच्यानंतर ज्ञानपीठ मिळविणारे दुसरे मराठी लेखक कुसुमाग्रज, १९८७ सालच्या पुरस्काराचे. ज्या ‘सत्यकथे’च्या तराजूत खांडेकर हलके ठरले होते ते मासिक १९८२ साली बंद पडले. १९६३ साली ‘कोसला’ लिहून आधीच्या सर्व कादंबरीला जुनी ठरविणारे पंचविशीतले भालचंद्र नेमाडे स्वतःच विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसले आणि २०१४ सालच्या ज्ञानपीठाचे मानकरी झाले.

अभ्यासक्रमाचा विषय निघालाच आहे म्हणून एक व्यावसायिक निरीक्षण नोंदवितो. पाठ्यपुस्तक लेखकाला जिवंत ठेवते असे आपण धरून चालतो. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. पाठ्यपुस्तकातील लेखक मुलांच्या दृष्टीने जन्मतःच मृत असतो. त्याच्या नावाखाली जन्म-मृत्यूची साले कंसात असतात, आणि पाठाखाली ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हे फर्मान असते. एखादा लेखक अजून हयात आहे असे सांगितले तर मुले चमकून वर पाहतात. तेव्हा पाठ्यपुस्तकात गेलो म्हणजे आता भय नाही, असे कोणी समजू नये. उलट ग्रंथालयाच्या कपाटातून स्वतःच्या हाताने काढलेले, पाने पिवळी पडलेले पुस्तकच मुलाला खरे भेटते.

आता आपल्या घरचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी लेखकाला हे भय दुहेरी असते. पुण्या-मुंबईचा लेखक मागे पडला तर त्याची जागा दुसरा मराठी लेखक घेतो. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडे, बडोद्याकडे, हैदराबादेकडे किंवा बेळगावच्या सीमेवर लेखकाची जागा कोणीच घेत नाही. समोरची खुर्चीच रिकामी होते. नातू हिंदी, गुजराती, कन्नड वा इंग्रजी शाळेत जातो, आजोबांशी मराठीत बोलतो, पण आजोबांचा लेख वाचू शकत नाही. मराठी शाळांच्या पटावरील आकडे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे या बाबतीत कोणी आमची समजूत घालू नये. शिवाय आपली मराठी पुण्याच्या मराठीहून वेगळी, तीत शेजारच्या भाषेचे शब्द मिसळलेले, म्हणून ती ‘जुनी’ किंवा ‘अशुद्ध’ ठरेल ही धास्ती वेगळीच. या धास्तीने आपल्यातील कित्येक जाणत्या मंडळींनी लेखणी खाली ठेवलेली आहे. ज्यांना संस्थानी दरबारच्या चालीरीती, येथील जुन्या पेठांतील मराठी घरांचे इतिहास, नाटकमंडळ्यांच्या मुक्कामांच्या आठवणी तोंडपाठ आहेत, ती मंडळी ‘आता हे कोणास हवे?’ म्हणून स्वस्थ बसली आहेत. हे नुकसान भरून येणारे नाही.

त्यांच्यासाठी भास्कर रामचंद्र तांबे यांची आठवण करून द्यावीशी वाटते. तांबे मुंगावलीस जन्मले. देवास, इंदूर, ग्वाल्हेर हीच त्यांची कर्मभूमी. १९३७ साली ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली तेथेच वारले. केशवसुतांच्या मागून पुण्या-मुंबईत कवितेचे जे वादविवाद चालले होते त्यांच्या धुराळ्यापासून ते शेकडो कोस दूर होते. सभोवती हिंदी, हाताशी इंग्रजी कवी, कानांत उत्तरेकडील संगीत. त्यांची कविता पुस्तकरूपाने प्रथम आली ती १९२० साली, म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर. मागे पडण्याची भीती वाटण्यास ज्या शर्यतीत असावे लागते तिच्यात ते उतरलेच नाहीत. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले, त्या मंडळाचे अग्रणी माधव जूलियन. आणि त्याच माधव जूलियनांनी १९३५ साली तांब्यांची समग्र कविता संपादित केली. नव्या पिढीचा पुढारी माळव्यातल्या एका वडीलधाऱ्या कवीचे कागद जुळवीत बसला. तांब्यांची गीते पुढे नभोवाणीने आणि ध्वनिमुद्रिकांनी ज्या घरांत नेली त्या घरांत कवितेचे पुस्तक क्वचितच असेल.

खांडेकरांच्या बाबतीतही वाचक नकाशाच्या अनपेक्षित कोपऱ्यांतून आले. मराठी टीकाकार त्यांना जुने म्हणत असताना गुजरातीत गोपाळराव विद्वांस यांची आणि तमिळमध्ये का. श्री. श्री. यांची भाषांतरे लोक आवडीने वाचीत होते. तमिळ वाचकाला ‘सत्यकथे’च्या निकालाची वार्ताही नव्हती.

आणि याच तमिळ देशातले आणखी एक उदाहरण आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी मराठीत नाटके रचली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ व तेलुगू यांच्या गराड्यात, मूठभर मराठी दरबाऱ्यांसमोर ती झाली असतील. पुढे राज्य गेले आणि त्या हस्तलिखितांना कोणी विचारीनासे झाले. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला, असे आम्ही आमच्या वर्गात शिकलो आणि पुष्कळ वर्षे तसेच शिकवीतही आलो. सरस्वती महाल ग्रंथालयातील ती बाडे विसाव्या शतकात अभ्यासकांनी उघडली, तेव्हा ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ आणि त्याच्या जोडीची नाटके बाहेर आली आणि हा आरंभ दीडशे वर्षांनी मागे न्यावा की काय, यावर पंडितांची चर्चा सुरू झाली. ती अद्याप चालू आहे. एरवी ज्या नाटकांना आपल्या काळीही शंभर-दोनशेच प्रेक्षक लाभले असतील, त्यांच्यासाठी आज पुण्याचे संशोधक तंजावरची गाडी पकडतात.